धुराचा रकाना

अण्णांच्या गाडीच्या वहीत प्रत्येक पानावर सहा रकाने आखलेले आहेत. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, अ‍ॅव्हरेज, केलेलं काम, आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा शेवटचा रकाना: धूर.

अण्णा, माझे वडील, साखर कारखान्यात केमिस्ट होते. हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस रसाचं ब्रिक्स म्हणजे त्यात विरघळलेलं सगळं, पोल म्हणजे त्यातली साखर, बगॅसमध्ये म्हणजे चिपाडात राहिलेली साखर, मळीची शुद्धता, हेच. पाळी संपताना ते आकडे लॅबच्या रजिस्टरात चढायचे आणि त्यांवरून कारखान्याची रिकव्हरी, म्हणजे उसातून किती टक्के साखर हाती आली ते, निघायची. एखादं सॅम्पल घ्यायचं राहून गेलं, तर मागच्या तासाचा आकडा खाली उतरवून मोकळं होण्याचा मोह सगळ्यांनाच व्हायचा. अण्णा तिथे आडवी रेघ मारायचे. "मोजलं नाही तर रेघ. शून्यसुद्धा लिहायचं नाही, शून्य हाही आकडाच आहे." जेवताना, प्रवासात, माझा गृहपाठ तपासताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कितीतरी वर्षं मला तो गणितातलाच नियम वाटायचा.

गाडीच्या वहीत धुराच्या रकान्यात ते पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, मिळालेला कार्बन मोनॉक्साइडचा आकडा लिहीत. २.२. मग २.४. एकदा १.९, आणि त्याच ओळीत 'प्लग नवे'. वर्षानुवर्षं असं चालत आलेलं, आणि मग २०१५पासून नुसत्या रेघा. त्या वर्षांची पीयूसीची सर्टिफिकेटं मात्र वहीच्या मागे क्लिप लावून जपलेली. त्याच सुमारास त्यांचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं. मी धरून चालले, की अण्णा थकले, लिहायचा कंटाळा आला असेल. २०२२मध्ये ते गेले. वही आणि गाडी दोन्ही माझ्याकडे आल्या.

गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी, दुधी रंगाची. कोल्हापुरात तिला पद्मिनी म्हणालेलं मी कुणाला ऐकलं नाही. सगळ्यांसाठी ती फियाट. तसं पाहिलं तर ते बरोबरच होतं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ११०० मॉडेलची गाडी बनू लागली, १९७२मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४मध्ये पद्मिनी. बिल्ला बदलला, लोकांनी आपलं नाव सोडलं नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टीअरिंगला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढची सीट सलग, बाकासारखी. आईच्या गुडघ्यांना आजच्या कुठल्याही गाडीपेक्षा हीच सीट सोसते, आणि मंगळवारी बिंदू चौकापर्यंत गाडीने जाऊन पुढे अंबाबाईला चालत जायचं, हा तिचा नेम आहे. त्यामुळे गाडी ठेवायची की विकायची हा प्रश्न आमच्या घरात निघतच नाही.

कायद्यात मात्र तो दर पाच वर्षांनी निघतो. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची. पुढे गाडी दाखवून, तपासून घेऊन पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आमच्याकडे याला पासिंग म्हणतात, आणि मला हा शब्द आवडतो, कारण त्यात परीक्षा आहे. आमची फियाट १९९९ला पहिल्यांदा बसली, मग २००४, २००९, २०१४. २०१९चं पासिंग महापुराच्या पाठोपाठ आलं. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर शहरभर गाड्यांच्या काचा उघड्या टाकून सीटा वाळत घातलेल्या होत्या, आणि अण्णांनी आमची गाडी दोन दिवस आधीच चढावर एका शाळेच्या भिंतीशी नेऊन ठेवायला लावली होती. तेव्हा नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२पासून ती पाच हजार झाली. २०२४च्या ऑगस्टअखेर मुदत संपत होती आणि या खेपेला गाडी घेऊन जायला मी एकटी.

पासिंगच्या कागदांत पहिला कागद पीयूसीचा, म्हणून जुलैच्या एका पावसाळी सकाळी मी एका पीयूसी केंद्रावर गेले. तिथल्या मुलाने छत्रीखालूनच नंबर प्लेटचा फोटो घेतला, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि प्रिंट काढायला वळला. गाडीचं इंजिनही मी अजून बंदच ठेवलेलं होतं.

"नळी नाही घालणार?"

"गरज नाही मॅडम. जुनी गाडी आहे, उगाच आकडा वर दाखवला तर तुमचीच खोटी. मी घालतो बरोबर आकडा."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच मला जास्त लागलं. तो मला मदतच करत होता. आणि त्या क्षणी, वायपरचा आवाज ऐकत बसलेली असताना, वहीतल्या रेघा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. २०१५पासूनच्या, एकीखाली एक. अण्णांना कंटाळा आलेला नव्हता. गाडी चालवायला बंदी होती, सर्टिफिकेट दुसरं कुणीतरी आणून देत होतं, त्यावर छापील आकडा होता, आणि तो मोजलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. वहीत रेघ मारली.

मी त्या मुलाला सांगितलं, मोजल्याशिवाय मला सर्टिफिकेट नको. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशिनवरचं प्लास्टिक काढलं. दहा मिनिटं इंजिन तापवलं आणि मग नळी सायलेन्सरच्या तोंडात सरकवली.

ते मशिन काय करतं, हे मी नंतर नीट समजून घेतलं. आतल्या छोट्या कप्प्यातून धूर जातो आणि त्यातून अवरक्त किरण सोडले जातात. कार्बन मोनॉक्साइड त्यातल्या एका ठरावीक लांबीच्या लहरी शोषतो; पलीकडे किती किरण पोचले यावरून टक्केवारी निघते. दुसरा आकडा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळताच बाहेर पडलेल्या पेट्रोलचा. पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि पहिला आकडा चढतो. ठिणगी चुकली, सिलिंडरने मिसिंग मारली, की दुसरा. दोन आकड्यांत इंजिनाची सगळी नाडी.

पद्मिनीच्या वयाच्या पेट्रोल गाडीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दीड हजार भाग. बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना हेच आकडे ०.३ टक्के आणि २००. म्हणजे कार्बन मोनॉक्साइडमध्ये माझ्या गाडीला दहा पट सूट आहे. तिला धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. त्याची सक्ती १९९५मध्ये चार महानगरांतल्या नव्या गाड्यांपासून सुरू झाली. माझी गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते देशभरातून फेब्रुवारी २०००मध्ये गेलं. सूट का आहे हे मला कळतं. पण जो वायू दिसत नाही, ज्याला वास नाही, आणि जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, तो माझ्या मागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाच्या छातीत जातो. त्याने ही सूट दिलेली नाही. कायद्याने त्याच्या वतीने दिली आहे. तेव्हा निदान त्या सुटीच्या आत राहणं, खरोखर आत राहणं, हे माझ्याकडून येणं आहे असं मला वाटतं.

मशिनवर आकडा आला २.७. पास. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी पासिंगआधीच्या कामांसाठी गाडी उद्यमनगरात नेली. शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं? गल्लीगल्लीत लेथ, शेपर, ड्रिल. दारात लोखंडाचा भुगा. फाउंड्रीच्या वाळूचा वास. कुठल्याही बंद पडलेल्या यंत्राचा न मिळणारा भाग इथे नमुना दाखवून करून मिळतो. आमचे मिस्त्री याच भागात चाळीसेक वर्षं काम करतात. अण्णांची वही त्यांनी माझ्याआधी वाचलेली आहे.

त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं, गाडी चालू केली, आणि काही न बोलता एक ओला फडका घेऊन सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं. चांगला सायलेन्सर असता तर इंजिन घुसमटून बंद पडलं असतं. आमचं चालू राहिलं. गाडीच्या पोटाखालून फुसफुस आवाज येत होता.

"ताई, हितं भोक हाय. जोडावर आनि खाली पोटात. त्यातनं भायेरची हवा आत वडतंय. मशिनला निम्मी हवाच हुंगाय मिळाली. तुमचं दोन पॉइंट सात काय खरं न्हवं."

मी म्हटलं, पण मिस्त्री, पास तर झाली.

"पास झाली की. मी कुठं न्हाई म्हनतोय."

एवढंच म्हणून ते वेल्डिंगची नळकांडी ओढायला गेले. सायलेन्सर उतरवला तेव्हा त्याचं पोट चाळणीसारखं झालेलं दिसलं. पावसाळी गाव, आणि कमी अंतराच्या फेऱ्यांत धुरातली वाफ आतच थिजून राहते, तिने आतून पत्रा खाल्लेला. पॅच मारला, जोडाला नवं पॅकिंग घातलं. संध्याकाळी जवळच्याच दुसऱ्या केंद्रावर मिस्त्रींच्या ओळखीच्या पोराने सर्टिफिकेट न काढता नुसतं मोजून दिलं.

४.८.

माझ्या पर्समध्ये सहा महिन्यांचं वैध, सरकारी, क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र होतं. मी आकडा खोटा घातला नव्हता. नळी घालूनच घेतला होता. पासिंगला कुणी विचारणार नव्हतं. ऑगस्टची मुदत जवळ येत होती, ऑफिसमधून रजा मागायची म्हणजे कटकट. आदल्या दिवशी मी त्या मुलाला ताठ मानेने 'मोजा' म्हटलं होतं, कारण मोजल्यावर आपण पास होऊ अशी माझी खात्री होती. खरी परीक्षा आत्ता, नापास झाल्यावर आली. मी रात्रभर याचा विचार केला असं म्हणणार नाही. रिक्षाने घरी पोचेपर्यंत ठरलं होतं. मिस्त्रींना फोन करून सांगितलं, आधी धूर, मग बाकीचं.

पुढचे चार दिवस हे त्या सबंध महिन्यातले माझे सगळ्यात आवडते दिवस. ऑफिस सुटलं की मी तिथे जाऊन लाकडी स्टुलावर बसायचे.

पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर सोलेक्सचा. तो खोलून रॉकेलमध्ये बुडवला, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, हवेने फुंकून साफ केले. फ्लोटच्या वरची निडल पाहिली तर टोकाला गोल खाच पडलेली. फ्लोट चेंबर म्हणजे आपल्या संडासाच्या टाकीसारखीच रचना: पातळी वर आली की तरंगणारा फ्लोट सुईने वाट बंद करतो. सुई झिजली की वाट पुरती बंद होत नाही, पातळी चढलेली राहते आणि इंजिनाला सतत थोडं जास्त पेट्रोल मिळतं. निडलसाठी मुंबईला फोन गेले. पूर्वी फियाटचं काहीही ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर लगेच मिळायचं, कारण मुंबईच्या हजारो काळ्यापिवळ्या टॅक्सी त्या बाजाराला पोसत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून त्या संपल्या. त्या गेल्याचं दुःख मुंबईकरांनी तेव्हा भरभरून व्यक्त केलं. आमच्यासारख्यांना ते नऊ महिन्यांनी, एका सुईपायी कळलं. तिसऱ्या दिवशी बसच्या पार्सलने एक जुनं, न उघडलेलं किट आलं.

पण मुख्य दुखणं निडल नव्हतंच. मिस्त्रींनी थ्रॉटलचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या झडपेचा, दांडा दोन बोटांत धरून हलवून दाखवला. तो खुळखुळत होता. चाळीस वर्षं अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाबून त्याची भोकं लंबगोल झालेली. त्या फटीतून हिशेबाबाहेरची हवा आत जायची, आणि गाडी सिग्नलला थरथरायची, बंद पडू पाहायची. मग जो मेकॅनिक बघेल तो मिक्श्चरचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल वाढवायचा. थरथर थांबायची. फट तशीच. पुढच्या वर्षी फट मोठी, आणखी अर्धा आटा.

"म्या बी दोनदा केलंय ह्ये," मिस्त्री म्हणाले. "अन्ना बघत नव्हते त्या टायमाला."

हे सांगायची त्यांना काहीच गरज नव्हती. त्यांनी मान खाली घालून सांगितलं आणि कार्बोरेटरची बॉडी घेऊन स्वतः लेथवाल्याकडे गेले. मीही मागोमाग गेले. लेथवाल्याने पितळेची कांडी चकमध्ये धरली, दांड्याला मायक्रोमीटर लावून माप घेतलं आणि दोन इवल्या बुश, भोकात बसणाऱ्या नळ्या, कातून काढल्या. पितळेचा भुगा सोनेरी कुरळा होऊन पडत होता. बुश ठोकून बसवल्या, रीमर फिरवला. दांडा आता हाताने फिरत होता पण हलत नव्हता.

त्यानंतरचं ट्यूनिंग पाहण्यासारखं होतं. ठिणगीचे सीबी पॉइंट घासून फीलर गेजने फट लावली, टायमिंग पाहिलं, एअर फिल्टर नवा घातला. गाडी तापल्यावर मिस्त्रींनी एका हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि डोळे मिटले. मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा आत. इंजिनाचा आवाज किंचित स्वच्छ झाला. आणखी पाव. आणखी थोडा, आणि एका सिलिंडरने उचकी दिल्यासारखा ठेका चुकवला. तिथून मागे, अगदी केसभर. हवा फार वाढवली तर पहिला आकडा उतरतो पण मिसिंग सुरू होऊन दुसरा चढतो; या दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे आणि ती त्यांना कानाने सापडते. मी कान देऊन ऐकत होते. मला त्यातलं निम्मंच कळलं असेल, पण ते निम्मं आता माझं आहे.

मोजलं: १.६. हायड्रोकार्बन ५४०. या वेळी मिस्त्रींनी आधी पुन्हा फडक्याने सायलेन्सर दाबून पाहिला, इंजिन घुसमटून बंद पडलं, आणि मगच नळी घालू दिली. मी नवं सर्टिफिकेट काढलं, जुनं असूनही.

पासिंगचा दिवस त्या मानाने साधा गेला. निरीक्षक कडक होते आणि नीट पाहणारे होते, हे मला फार बरं वाटलं. बॉनेटखाली कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला, इंजिनाचाही. अप्पर-डिप्पर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर. टायरच्या नक्षीत बोट घालून पाहिलं. मोकळ्या पटांगणात गाडी पळवून ब्रेक मारायला लावला. नवे ब्रेक शू बसवून आठवडाच झाला होता, गाडी सरळ रेषेत थांबली. मग चढावर हँडब्रेकवर उभी करायला सांगितली. ते काही सेकंद मला खूप लांब वाटले. गाडी जागची हलली नाही. विमा, पर्यावरण कराची पावती, पीयूसी. १.६ वर त्यांचं बोट थांबलं. "मोजलेलं आहे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि इतक्या साध्या प्रश्नाला हो म्हणताना घसा भरून आला. ऑगस्ट २०२९पर्यंत नोंदणी वाढली.

लोक म्हणतात पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरसकट भंगारात घाला. दुसरे म्हणतात, हा वारसा आहे, हात लावू नका. मला दोन्ही पटत नाहीत. वारशासाठी २०२१पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण तिला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि तिच्यावर रोजच्या रस्त्यावर फिरता येत नाही. आईचा मंगळवार तिच्यात बसत नाही. आणि वय पाहून गाडी बाद करायची तर ४.८ची फियाट आणि १.६ची फियाट एकच ठरतात, वय दोघींचं चाळीस. त्यांच्यातला फरक पितळेच्या दोन बुशांचा आणि मोजण्याचा आहे. तपासणी वाटेल तेवढी कडक करा; फी वाढवा, ती वाढलीच आहे, ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. मी भरीन. फक्त नळी घाला. नव्या गाडीच्याही घाला. जी तपासणी फोटोवर होते तिच्यात माझी गाडी आणि खरोखर काळा धूर ओकणारं वाहन एका ओळीत उभी असतात, आणि दोघांच्या हातात सारखाच कागद असतो.

घरी येऊन वही उघडली. अण्णांनी आखलेली पानं अजून तीन शिल्लक होती. तारीख, किलोमीटर लिहिलं. 'केलेलं काम'मध्ये सायलेन्सर, निडल, थ्रॉटल बुश, ब्रेक शू. धुराच्या रकान्यात १.६. त्याच्या वरच्या ओळीत, जुलैच्या पहिल्या तारखेला, २.७ लिहायचं की ४.८ यावर मी बराच वेळ अडले. शेवटी २.७ लिहून शेजारी बारीक अक्षरात 'सायलेन्सर फुटका' असं लिहिलं. आई चष्मा लावून पाहत होती. म्हणाली, "त्यांनी रेघ मारली असती." मी म्हटलं, मोजलेलं होतं गं. ती म्हणाली, "हवा मोजली होती ना?" मग मी ते खोडून रेघ मारली.

जानेवारी २०२५ला १.७ आलं. जुलैत १.२, पण हायड्रोकार्बन ७१०. मिस्त्रींनी लगेच कारण सांगितलं: पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, त्यात स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटला मिक्श्चर पातळ पडतं. त्यांनी पाव आटा बाहेर घेतला, इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी पाइप बदलून टाकले. उसाच्या मळीपासून निघणारं इथेनॉल आपल्याच फियाटमध्ये जळतंय हे अण्णांना पाहायला मिळालं असतं तर त्यांनी दर टाकीला नोंद केली असती.

त्यांनी आखलेली पानं त्या दिवशी संपली. पुढची मी आखली आहेत, पट्टीने, त्यांच्याच मापात. फक्त धुराचा रकाना थोडा रुंद घेतला आहे. त्यात आता दोन आकडे मावायला हवेत.